कोल्मानस्कॉप : जाण्याआधी हे वाचा

आमच्या नामिबिया सहलीत ल्यूडेरिट्झला दोन रात्रींचा मुक्काम आहे. "त्या कोपऱ्यातल्या बंदरात दोन रात्री कशाला?" असं बुकिंग करताना बरेच जण विचारतात. कारण कोल्मानस्कॉप. ल्यूडेरिट्झपासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटांवर, नामिब वाळवंटात हिऱ्यांच्या जोरावर उभं राहिलेलं आणि 1956 पासून ओस पडलेलं गाव. दिवाणखान्यात गुडघाभर वाळू साचलेले तिथले फोटो तुम्ही पाहिले असतीलच. त्या फोटोंमुळे वाळूने गाव गिळलं असा समज पसरला आहे. खरं तर आधी माणसं उठून गेली आणि घरं झाडायला कोणी उरलं नाही, तेव्हा वाळू आत शिरली.

हिरे आले कुठून?

इथल्या जमिनीत ते तयार झालेच नाहीत. ऑरेंज नदीने दक्षिण आफ्रिकेच्या आतल्या भागातून ते लाखो वर्षं वाहून आणले आणि समुद्रात टाकले. लाटांनी किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकवले. मग वाऱ्याने हलकी वाळू उडवून नेली आणि जड खडे जागच्या जागी राहिले. त्यामुळे सुरुवातीला खोल खणायची गरजच नव्हती. मजूर ओळीने रांगत हिरे वेचायचे.

1908 साली हा मुलूख जर्मनीची वसाहत होता. ल्यूडेरिट्झहून आत जाणाऱ्या रेल्वेचे रूळ सतत वाळूखाली जायचे आणि ती उपसायला मजूर ठेवलेले असायचे. त्यांतल्या झकेरियास लेवालाला एक चमकणारा खडा सापडला. त्याने तो आपला वरिष्ठ औगुस्ट स्टाउख याच्याकडे दिला. स्टाउखने गाजावाजा न करता आधी आसपासच्या जमिनीत हिरे शोधायचे हक्क मिळवले, आणि तो गडगंज झाला. लेवालाला बक्षीस म्हणून काहीसुद्धा मिळालं नाही. (स्टाउखचीही संपत्ती पुढे 1930 च्या आसपासच्या मंदीत बुडाली.)

त्याच वर्षी सरकारने ऑरेंज नदीपासून उत्तरेकडे, किनाऱ्यालगतचा सुमारे 100 किलोमीटर रुंदीचा पट्टा लोकांना बंद केला. 1912 मध्ये या भागातून सुमारे 10 लाख कॅरेट हिरे निघाले, म्हणजे जगाच्या त्या वर्षीच्या उत्पादनातला जवळजवळ 12 टक्के वाटा.

या पैशातून वाळवंटात एक जर्मन गाव वसलं. शाळा, वीजघर, नाटक आणि नाचासाठी मोठा हॉल, बोलिंगची जागा. पिण्याचं पाणी बाहेरून आणावं लागे, तरी गावात बर्फाचा कारखाना होता. हॉस्पिटलातलं एक्स-रे यंत्र दक्षिण गोलार्धातलं पहिलं, असं गाईड हमखास सांगतात. आम्ही त्यावर पैज लावणार नाही. हिरा गिळून कोणी बाहेर नेत नाही ना, हे तपासायलाही ते यंत्र वापरलं जाई, हे मात्र गाईडला जरूर विचारा.

हॉल आणि बर्फ गावातल्या सुमारे 300 जर्मनांसाठी होता. वाळू चाळणारे ओवाम्बो जमातीचे मजूर त्यांच्या दुपटीहून जास्त होते. ते उत्तरेकडून कंत्राटावर येत, घरच्यांना मागे ठेवून बराकींत राहत. आणि लेवाला ज्या रुळांवरची वाळू काढत होता, ते रूळ टाकायला इथल्याच हेरेरो आणि नामा जमातींच्या कैद्यांना जुंपलं होतं. त्यांची छावणी ल्यूडेरिट्झच्या शार्क आयलंडवर होती आणि तिथे त्यांतले असंख्य लोक मेले. जर्मन राजवटीत झालेल्या हेरेरो आणि नामांच्या या संहाराला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला जर्मनीने 2021 साल उजाडू दिलं. शार्क आयलंडवर आज पर्यटकांसाठी कॅम्पिंगची सोय आहे. आम्ही आमच्या ग्रुपचा मुक्काम तिथे ठेवत नाही; स्मारकापाशी मात्र थांबतो.

मग गाव ओस का पडलं? पहिल्या महायुद्धात हा प्रदेश दक्षिण आफ्रिकेने जिंकला आणि खाणी नव्या कंपनीकडे गेल्या. 1928 मध्ये दक्षिणेला, ऑरेंज नदीच्या मुखाजवळ, कितीतरी जास्त आणि मोठे हिरे सापडले. कोल्मानस्कॉपचे साठे तोवर आटत आले होते. कंपनीने आपला मोर्चा तिकडे वळवला, 1936 मध्ये तिथे ओरान्येमुंड हे नवं गाव वसवलं आणि हळूहळू यंत्रं, माणसं, सगळं हललं. 1956 मध्ये शेवटची कुटुंबंही गेली. 1980 च्या सुमारास काही इमारतींची डागडुजी करून गाव पर्यटकांना खुलं झालं.

तुमच्यासाठी सूचना

प्रवेशाला परवाना लागतो. तो आम्ही काढतो. आपण सकाळीच जातो, कारण दुपारी वाऱ्याचा जोर वाढतो आणि वाळू डोळ्यांत जाते. बंद बूट आणि विंडचीटर हवाच. वाळवंट म्हटलं तरी अटलांटिकचा वारा चांगलाच गार असतो. कॅमेऱ्याची लेन्स उघड्यावर बदलू नका. वरच्या मजल्यांवर चढू नका, लाकूड कुजलेलं आहे. वाळूत चालताना गुडघे दुखत असतील तर हॉल आणि संग्रहालय पाहून थांबलात तरी चालेल.

आणि कितीही सुंदर दिसला तरी खडा उचलून खिशात घालू नका. नामिबियात कच्चा हिरा परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि तो हिरा नव्हताच हे पोलिसांना पटवण्यात विमान चुकू शकतं.