टाको अल पास्तोर: अननस घाला, पण घड्याळ बघून

अननसाच्या चार फोडी जास्त खाल्ल्या की जीभ चुरचुरते. त्यात ब्रोमेलेन या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. प्रथिनांच्या साखळ्या तोडणं हेच त्याचं काम. घरच्या टाको अल पास्तोरमधलं डुकराचं मांस बिघडतं ते बहुधा याच्यामुळेच.

मक्याच्या छोट्या पोळीवर, म्हणजे टॉर्टियावर, मसालेदार मांस आणि अननस असा हा पदार्थ मेक्सिकोचा, पण भाजायची रीत लेबनॉनकडून आलेली. तिथल्या स्थलांतरितांनी उभ्या सळईवर मांस भाजायची शावर्माची पद्धत आणली आणि १९३० च्या दशकात पुएब्ला शहरात तिचे ‘ताकोस आराबेस’ (अरबी टाको) झाले. मेंढीच्या जागी डुक्कर आलं, पुढे मेक्सिकन मिरचीचं लाल वाटण आणि अननसही आला. ‘अल पास्तोर’ म्हणजे मेंढपाळी पद्धतीचं. मेंढी आता फक्त नावात उरली आहे.

मांस खांद्याचंच घ्या, १ किलो. पाठीचं मांस चरबी कमी असल्याने कोरडं पडतं. ४० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवलं की ५-६ मिलिमीटरचे काप सरळ निघतात.

५ ग्वाहियो आणि २ आंचो (दोन्ही वाळलेल्या मेक्सिकन मिरच्या) बिया काढून कोरड्या तव्यावर २०-३० सेकंद परता. काळी पडलेली एक मिरची सगळं वाटण कडू करते. २० मिनिटं गरम पाण्यात भिजवून ४ लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, १ चमचा ओरेगानो, ६० मिली व्हिनेगर आणि १५ ग्रॅम मीठ घालून वाटा. ३० ग्रॅम अच्योतेचा लगदा २ चमचे कोमट तेलात कालवून त्यात मिसळा. अच्योते म्हणजे आपली शेंदरी. तिचा रंग तेलात उतरतो, नुसत्या पाण्यात नीट उतरत नाही. ग्वाहियो नसेल तर ब्याडगी वापरा: रंग भरपूर, तिखटपणा बेताचा.

आता वाटणात अननसाचा रस, ६० मिली. ताजा असेल तर मांस दोन तासांच्या वर त्यात ठेवू नका. रात्रभर राहिलेल्या कापाचा वरचा थर लापशीसारखा होतो: बोटाने दाबलं की खळगा तसाच राहतो, आणि तव्यावर उलटताना काप फाटतो. फ्रीजच्या थंडीने ब्रोमेलेन मंदावतं, थांबत नाही. उकळल्यावर मात्र ते निकामी होतं. म्हणून रस ५ मिनिटं उकळून, गार करून घालणं उत्तम. मग खुशाल रात्रभर मुरू द्या. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तोही चालतो.

भाजताना शत्रू पाणी. मांसाला खरपूस तपकिरी रंग चढतो तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान १०० च्या फार वर जात नाही. काप निथळा, जास्तीचं वाटण पुसून काढा. तसं न केल्यास वाटणातली साखर आणि मिरची आधी जळते. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, एका वेळी चार-पाचच काप टाका. गर्दी केली की ते सुटलेल्या पाण्यात शिजतात. प्रत्येक बाजूला दीड-दोन मिनिटं पुरे. आतलं तापमान ६३ अंश झालं की ३ मिनिटं बाजूला ठेवा, मग बारीक चिरून पुन्हा अर्धा मिनिट तव्यावर परता. सळईवरून कापलेल्या मांसाच्या कुरकुरीत कडा घरी अशाच मिळतात. त्याच तव्यावर अननसाच्या फोडी भाजा.

टॉर्टियाला मक्याचं साधं पीठ चालत नाही, ते लाटताना फुटतं. मासा हरिना हे पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं. चुन्याने टरफल सुटतं आणि कणीक एकजीव होते. २०० ग्रॅमला २८०-३०० मिली कोमट पाणी लागतं. गोळा दाबल्यावर कडा चिरल्या तर आणखी चमचाभर घाला. तळहाताएवढ्या दोन टॉर्टिया एकावर एक, त्यावर मांस, अननस, बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू.