लॅपटॉप तापणं

लॅपटॉप काम करताना आणि झाकण मिटून झोपवलेला (स्लीपवर टाकलेला) असतानाही गरम राहणं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या रिपेअरच्या काउंटरवर "लई तापाय लागलाय, बघा जरा" एवढंच सांगितलं जातं, पण कामात तापणं आणि झोपेत तापणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकच धरली की उपाय हमखास चुकतो.

कामातलं तापणं सरळ आहे. प्रोसेसर घेतो ती वीज जवळपास सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. चिपवर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते, तिच्यात कमी दाबाखाली अगदी थोडं पाणी बंद केलेलं असतं, चिपकडं त्याची वाफ होते, पंख्याकडं वाफेचं परत पाणी होतं आणि आतल्या जाळीतून झिरपत मागं येतं. साधारण ९५ ते १०० अंशांना चिप स्वतःच वेग उतरवते, म्हणून तापलेला लॅपटॉप आधी स्लो होतो. उद्यमनगरात लेथच्या शेजारी बिलांसाठी ठेवलेला लॅपटॉप उघडला की पंखा आणि फिन्सच्या (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या) मधे तेलकट करडी धूळ बसलेली दिसते, चिमट्यानं ओढली तर जुन्या घोंगड्याच्या तुकड्यासारखी अख्खी निघते. ती काढून चिपवरची उष्णता नळीकडं नेणारी, वाळलेली पेस्ट बदलली की बहुतेक वेळा काम होतं. गादीवर, वाकळेवर ठेवून वापरला तर खालची जाळी बुजते ते वेगळंच.

पहिला लॅपटॉप कोणता यावर मतं आहेत. काहीजण १९८१ चा ऑस्बॉर्न १ धरतात, पण तो ११ किलोच्या आसपासचा, त्यामुळं १९८२ चा ग्रिड कंपास धरणं बरं, त्याची मॅग्नेशियमची बॉडीच उष्णता बाहेर टाकायच्या कामी यायची.

झोपेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. वीज वाचवायच्या १९९२ च्या एपीएम पद्धतीत झोपवायचं काम मुख्यतः बायॉसकडं (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमकडं) होतं, १९९६ च्या अखेरीस तिच्या जागी एसीपीआय ही पद्धत आली आणि ते ऑपरेटिंग सिस्टिमकडं गेलं. त्यातल्या एस-३ झोपेत प्रोसेसर बंद, फक्त रॅमला वीज, म्हणून मशिन गार पडायचं. एस-४ म्हणजे हायबरनेट, रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून वीज तोडायची. पुढं विंडोज ८ मध्ये (२०१२) कनेक्टेड स्टँडबाय आणि विंडोज १० मध्ये (२०१५) मॉडर्न स्टँडबाय आलं, यात मशिन फोनसारखं अर्धवट जागं राहतं आणि तांत्रिकदृष्ट्या एस-० म्हणजे चालू अवस्थेतच असतं. या अर्धवट झोपेची सुरुवात २०१५ ची मानायची पद्धत आहे, तरी तत्त्व २०१२ चंच, नंतर नेट तोडून झोपायचा प्रकार त्यात घेतला गेला एवढंच. नव्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस-३ ठेवलेलंच नसतं.

झोपेत तापण्याचा दोष काहीजण ड्रायव्हरला (एकेक भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) देतात, काहीजण या झोपेच्या रचनेला. वायफाय, यूएसबी किंवा ऑडिओ यांतल्या एकाच्या ड्रायव्हरनं जरी जाग सोडली नाही तरी चिप खोल झोपेत जात नाही हे खरं, पण एकाच्या चुकीनं सगळं मशिन जागं राहावं हा रचनेचाच दोष म्हणायला हवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघताना फुल चार्ज करून सॅकेत ठेवलेला लॅपटॉप सकाळी सीएसएमटीला काढावा तर पाठ कढत, पंखा घरघरतोय आणि बॅटरी तळाला, हे याच प्रकारातलं. सॅकेत हवा खेळत नाही, त्यामुळं थोडी उष्णताही साठत जाते. अशा वेळी धूळ काढून, पेस्ट बदलून काही होत नाही. कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी स्लॅश ए' (powercfg /a) दिलं की मशिनला कोणती झोप येते ते दिसतं, आणि सॅकेत ठेवण्याआधी हायबरनेट करणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

उष्णतेनं लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते. लॅपटॉप रोज तासन्‌तास मांडीवर ठेवल्यानं कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडल्याच्या वैद्यकीय नोंदी २००४ पासून आहेत.