धाप लागते तेव्हा लॅक्टेट कुणाचं? श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामामागचा इतिहास

चढावर धावताना मांड्या भरून येतात हे लगेच कळतं. डायफ्रॅम (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू) आणि बरगड्यांमधले स्नायूही तेव्हा राबत असतात, पण त्यांच्याकडे शास्त्राचंही फार काळ लक्ष नव्हतं. निरोगी माणसाला श्वास कधी कमी पडत नाही, अडतं ते हृदयापाशी आणि पायांपाशी, असंच मानलं जाई.

१९७६ साली लीथ आणि ब्रॅडली या अमेरिकी संशोधकांनी दाखवलं, की पाच आठवड्यांच्या व्यायामाने श्वासाच्या स्नायूंची ताकद सुमारे ५५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे दंडासारखेच हेही स्नायू कमावता येतात. (हा प्राणायाम नव्हे. इथे श्वासापुढे मुद्दाम अडथळा ठेवतात किंवा बराच वेळ खोल, जलद श्वास घ्यायला लावतात.)

१९९२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला बूटेलिए या संशोधकाच्या गटाने असा व्यायाम करवून घेतला, तर लोक थकेपर्यंत जास्त वेळ सायकल चालवू लागले. कमाल ऑक्सिजन वापर, म्हणजे शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकतं तो, मात्र होता तेवढाच राहिला. मग टिकून राहण्याचा हा दम आला कुठून?

उत्तराचा एक धागा १९९७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला सापडला. सायकलपटू पूर्ण जोर लावत असताना त्यांच्या श्वासाचा भार यंत्राने हलका केला, तेव्हा पायांकडे जाणारं रक्त वाढलं. भार वाढवला, तेव्हा ते घटलं. पुढच्याच वर्षी याच गटाने हिशेब मांडला: जोराच्या व्यायामात हृदयातून निघणाऱ्या रक्तातला १४ ते १६ टक्के वाटा एकटे श्वासाचे स्नायू घेतात. मला हा सगळ्या कथेतला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

रक्ताच्या रसायनाची गोष्ट १९९९ची. श्वासाच्या व्यायामानंतर तेवढ्याच श्रमात रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंमध्ये साखरेपासून बनणारा पदार्थ) कमी राहतं, असं झुरिकच्याच स्पेंगलर आणि सहकाऱ्यांना आढळलं. त्यांचा तर्क असा, की तयार झालेले श्वासाचे स्नायू रक्तातलं लॅक्टेट उचलून इंधन म्हणून वापरत असावेत. लॅक्टेट हा निव्वळ कचरा नाही, एक स्नायू ते बनवतो आणि दुसरा जाळतो, हे अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८०च्या दशकातच मांडलं होतं. त्या पायाशिवाय हा तर्क उभाच राहिला नसता.

२००८ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला पायांना प्रयोगातून वगळण्यात आलं. माणसं बसल्या जागी जोरजोरात श्वास घेत राहिली, तरी लॅक्टेट चढलं. सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर ते कमी चढलं. म्हणजे रक्तातल्या लॅक्टेटमध्ये श्वासाच्या स्नायूंचा स्वतःचा हिस्सा असतो.

हौशी धावपटूंनी इथे घाई करू नये. १९९९च्या त्याच अभ्यासात लॅक्टेट घटल्यामुळेच दम वाढला, असं दिसलं नव्हतं. २०१२ मध्ये ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात दमाचा फायदा दिसला, आणि तो मुळात कमी तयारीच्या लोकांना अधिक होता. श्वासापुढे अडथळा ठेवणाऱ्या, हातात मावणाऱ्या साधनावर दिवसातून दोनदा ३० श्वास, हा आता हौशी धावपटूंचाही रोजचा व्यायाम झाला आहे.