कंडोममधून एचआयव्ही पाझरतो म्हणे!

‘रबराला सूक्ष्म छिद्रं असतात, विषाणू त्याहून बारीक, म्हणजे कंडोम वापरूनही एचआयव्ही होऊ शकतो’ हे गणित वर्षानुवर्षं फिरतंय. विषाणू बारीक आहे हे खरं, साधारण ०.१ मायक्रॉन. पण धड असलेल्या लेटेक्समधून (कंडोमच्या रबरातून) तो आरपार जात नाही. कारखान्यात प्रत्येक कंडोमची विजेवर छिद्रचाचणी होते. (छिद्रं असतात ती मेंढीच्या आतड्याच्या कंडोमला, ते आपल्याकडे वापरतं कोण?) खरी भानगड फाटण्याची आणि निसटण्याची. खोबरेल तेलाने लेटेक्स कमकुवत होतं. फाटलाच तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या मिळतात. हर्पीस, एचपीव्ही, सिफिलिस हे लैंगिक संसर्ग मात्र न झाकलेल्या त्वचेच्या स्पर्शानेही लागू शकतात. तिथे कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. शंका छळतच असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) एचआयव्ही तपासणी मोफत होते.