कपडेपटातली चित्रकार: भानू अथैया

भानू अथैया म्हटलं की ‘ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती’ एवढं बोललं जातं आणि विषय तिथेच संपतो. 11 एप्रिल 1983 ला ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ते ऑस्कर मिळालं तेव्हा बाई चौपन्नाव्या वर्षात होत्या आणि सिनेमाचे कपडे करायला लागून त्यांना जवळपास तीस वर्षं झाली होती. ‘गांधी’चं काम त्यांच्याकडे का आलं, हे समजून घ्यायचं तर त्या तीस वर्षांकडे आणि त्याआधीच्या कोल्हापूरकडे बघायला हवं.

माहेरच्या त्या भानुमती राजोपाध्ये. जन्म कोल्हापूरचा, 28 एप्रिल 1929 चा. जेमतेम महिनाभराने त्याच गावात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. त्याच्या दहाएक वर्षं आधी नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी तिथेच स्वतःची फिल्म कंपनी काढली होती. सेट, कपडे, पोस्टर, सगळ्यावर त्यांचा हात फिरायचा. चित्रकार आणि सिनेमावाला ही दोन वेगळी माणसं असतात, हे त्या काळच्या कोल्हापूरला जणू ठाऊकच नव्हतं. भानूताईंचे वडील अण्णासाहेब हेही चित्रकार. ते लवकर गेले, पण मुलीच्या हातात ब्रश राहिला.

पुढे मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, तिथलं सुवर्णपदक, आणि आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपची संगत. या ग्रुपबरोबर 1953 च्या प्रदर्शनात चित्रं लावणारी ती एकटी बाई. तिथेच थांबल्या असत्या तर आज त्यांचं नाव गायतोंडे, रझा यांच्या पंगतीत घेतलं गेलं असतं, असं मला वाटतं. पण पोटापाण्यासाठी त्या ‘ईव्ह्ज वीकली’सारख्या नियतकालिकांत फॅशनची रेखाटनं करत होत्या. संपादकबाईंनी बुटीक काढलं आणि कागदावरचे कपडे आता शिवूनही दाखव म्हणाल्या. गिऱ्हाइकांत कामिनी कौशल आणि नर्गिस होत्या. सिनेमाचं दार असं उघडलं.

तोवर हिंदी सिनेमातला कपडेपट म्हणजे ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणलेले पोशाख, नाहीतर नटीचा स्वतःचा शिंपी. अमुक पात्र कोण, कुठलं, त्याच्या अंगावर काय असेल, हा विचार करणारे थोडेच. गुरुदत्त त्यांतले एक. ‘सी. आय. डी.’पासून (1956) ‘साहिब बीबी और गुलाम’पर्यंत (1962) भानूताई त्यांच्या चित्रपटांचे कपडे करत होत्या.

मग ‘आम्रपाली’ (1966). वैजयंतीमालाच्या पोशाखासाठी त्या अजिंठ्याची चित्रं बघायला गेल्या. इतिहासाच्या मास्तरांनी इथे लाल शाई काढावी: आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि अजिंठ्याची ती प्रसिद्ध चित्रं सुमारे हजार वर्षांनंतरची. पण बुद्धकाळातलं एकही चित्र शिल्लक नसताना बघायचं तरी काय? आणि पडद्यावर ते कपडे अंगचे वाटतात, भाड्याचे नाही.

कारागिरी मात्र मला ‘ब्रह्मचारी’त (1968) जास्त दिसते. शम्मी कपूरबरोबरच्या नाचात मुमताजने नेसलेली ती केशरी, जरीच्या काठाची साडी मुळात ‘नेसलेली’ नाहीच. नेहमीची साडी नेसून असलं नाचायचं म्हणजे दुसऱ्या गिरकीलाच निऱ्या हातात. म्हणून भानूताईंनी काठाचे वेढे अंगाबरोबर फिरवून जागच्या जागी शिवून टाकले आणि चेन लावली. बघणाऱ्याला साडीच दिसते, नाचणारीला ड्रेसची मोकळीक मिळते. आज लग्नाच्या दुकानांत जी ‘रेडी टू वेअर’ साडी लटकते, तिची ही आजी म्हणायला हरकत नाही.

त्यामुळे दिग्दर्शक रिचर्ड ॲटनबरोंना ‘गांधी’साठी माणूस हवा होता तेव्हा त्या नवख्या नव्हत्या. ऑस्कर त्यांना ब्रिटनच्या जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून मिळालं. लष्करी गणवेश मोलोंचे, भारतीय कपडे भानूताईंचे. यातली खरी गोम म्हणजे नायकाचे कपडे चित्रपटभर कमी कमी होत जातात. बॅरिस्टरचा सूट, मग काठेवाडी पागोटं, मग पंचा. शिवाय रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबांचं वयही लुगड्याच्या पोतातून आणि रंगातून पुढे न्यायचं. या कामात झगमगाट नाही, म्हणून ते नजरेत भरत नाही.

गंमत अशी की, तेव्हा आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत वेशभूषेचा विभागच नव्हता. तो 1984 च्या चित्रपटांपासून सुरू झाला. भानूताईंना तो पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी मिळाला.

2012 मध्ये, आजारपणात, त्यांनी ऑस्करची बाहुली अकादमीकडे परत पाठवली तेव्हा इथे बरेच जण नाराज झाले. त्यांचं कारण रोखठोक होतं: शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल पदक चोरीला जातं, तर माझ्या बाहुलीची हमी कोण देणार? पदक 2004 मध्ये गेलं ते अजून सापडलेलं नाही. 15 ऑक्टोबर 2020 ला भानूताई मुंबईत गेल्या.