घटस्फोटानंतर मुलांच्या कॉलेजचा खर्च कोणी द्यायचा?

आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक

मूल अठरा वर्षांचं झालं की खावटी बंद, असं वडील धरून चालतात. शिक्षण संपेपर्यंत ती मिळणारच, असं आई धरून चालते. अठरानंतर कायदा मुलगा आणि मुलगी यांना वेगवेगळा नियम लावतो, त्यामुळे फसगत दोघांचीही होते.

मुलगी अविवाहित असेल आणि स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर तिचं भागत नसेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० प्रमाणे ती अठरानंतरही निर्वाह मागू शकते. निर्वाहात शिक्षण धरलेलं आहे, आणि जबाबदारी आई-वडील दोघांची आहे. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू होतो. अनुसूचित जमातींना तो लागू नाही. मेळघाट, गडचिरोलीकडच्या पक्षकारांनी दाव्याआधी आम्हाला भेटावं.

सज्ञान मुलीचा अर्ज तालुक्याच्या फौजदारी कोर्टात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) खाली टाकू नका. शारीरिक किंवा मानसिक व्याधीमुळे कमावता येत नसेल तरच सज्ञान मुलांना तिथे खावटी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मुलीचा दावा नागपूर, अमरावती, अकोल्यासारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालयात जातो; ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. महाराष्ट्रात महिलांना खावटीच्या दाव्यासाठी कोर्ट फी लागत नाही.

मुलासाठी असं कलमच नाही. २०२१ मध्ये एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला पहिली पदवी मिळेपर्यंत पैसे द्यायला वडिलांना सांगितलं, पण त्या एका निकालाच्या भरवशावर ॲडमिशन घेऊ नये. मुलाचा खर्च हवा असेल तर संमतीच्या घटस्फोटाच्या अटींतच लिहून घ्या.

आणि नीट लिहून घ्या. ‘शिक्षणाचा खर्च वडील करतील’ ही ओळ जवळजवळ निरुपयोगी आहे. भांडण फीवरून कमी, मेसवरून जास्त होतं. म्हणून कॉलेजची फी, परीक्षा फी, वसतिगृह, मेस, पुस्तकं, एसटी पास, नीट-सीईटीचे क्लास, लॅपटॉप हे सगळं वेगवेगळं लिहा. कोणाचा वाटा किती टक्के, वर्षाला जास्तीत जास्त किती, मॅनेजमेंट कोटा चालेल का, वर्ष वाया गेलं तर काय, तेही ठरवा. कॉलेजचं फीचं चलन मिळाल्यापासून १५ दिवसांत फी थेट कॉलेजच्या खात्यात आणि मेसचे पैसे मुलाच्या खात्यात, अशी अट उत्तम. शिष्यवृत्ती कोणाच्या वाट्यातून वजा होणार, हेही लिहा.

आईने एकरकमी पैसे घेऊन पुढचा हक्क सोडला, तरी त्याने मुलांचा हक्क आपोआप संपत नाही.

वडील शेतकरी असतील तर ‘कोरडवाहू आहे, काही पिकत नाही’ हे उत्तर ठरलेलं. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मालमत्ता-उत्पन्नाच्या शपथपत्राचा शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, तो भरायला लावता येतो. सोबत सातबारा, ८-अ, कापूस-सोयाबीनच्या बाजार समितीच्या पट्ट्या जोडा. संत्र्याची बाग झाडावरच व्यापाऱ्याला दिली असेल तर पट्टी नसते. मग बँकेचा उतारा आणि सातबाऱ्यावरची नोंद कामी येते.

पैसे थकले तर मुदत पाहा. कलम १४४ च्या आदेशावर वसुली वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीला (अंमलबजावणीच्या अर्जाला) १२ वर्षं मिळतात.

भेटीला येताना घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल, तडजोडीच्या अटी, फीच्या पावत्या आणि दोन्हीकडच्या उत्पन्नाचे कागद आणा. नक्कल नसेल तर ज्या कोर्टातून घटस्फोट झाला तिथे नक्कल अर्ज आधी द्या, तिला वेळ लागतो.