मिटिगेशन बँक

अमेरिकेत रस्ता, पूल किंवा वसाहत बांधताना पाणथळ जागा वा ओढ्याकाठचे रान नष्ट होणार असेल, तर त्याच्या भरपाईसाठी दुसरीकडे उभा केलेला आणि कायमचा राखून ठेवलेला अधिवास म्हणजे मिटिगेशन बँक. बँक चालवणारा जमीन सुधारतो, त्या कामाचे मोल ‘क्रेडिट’मध्ये ठरते आणि बांधकाम करणारा ती क्रेडिट विकत घेतो.

१९७२च्या स्वच्छ जल कायद्याच्या कलम ४०४नुसार पाणथळीत भराव टाकायला लष्कराच्या अभियंता दलाचा परवाना लागतो. २००८च्या नियमांनी भरपाईच्या मार्गांमध्ये बँकेला पहिली पसंती दिली. त्यामागचे कारण रास्त आहे : बँक चालवणाऱ्याच्या हाती क्रेडिट एकदम येत नाहीत. काही सुरुवातीला मिळाली, तरी उरलेली पाणी ठरल्याप्रमाणे टिकते का, रोपे जगली का, हे तपासून टप्प्याटप्प्याने मोकळी होतात. दुर्मीळ प्रजातींसाठी अशाच धर्तीच्या संवर्धन बँका असतात. कॅलिफोर्नियाने त्यांचे धोरण १९९५मध्ये आखले, केंद्रीय मार्गदर्शक सूचना २००३मध्ये आल्या.

पक्ष्याला मात्र एकर कळत नाहीत. लीस्ट बेल्स व्हिरिओ हा राखाडी, चिमुकला पक्षी जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर, विलो या ओढ्याकाठी वाढणाऱ्या झाडाच्या दाट झुडपांत घरटे बांधतो. नुसती उंच झाडे लावून त्याचे भागत नाही, खाली गच्च झुडूप हवेच. १९८६मध्ये तो केंद्राच्या संकटग्रस्त यादीत गेला, तेव्हा अमेरिकेत त्याच्या जेमतेम तीनशे जोड्या उरल्या होत्या. ओढ्याकाठी विलोच्या ओल्या फांद्या खोचल्या की त्या फुटतात, पण अरुंडो हे वेळूसारखे माजणारे परके गवत काढणे चिवट काम आहे. त्याच्या कांड्यांचे तुकडे पुरात वाहत जाऊन खाली रुजतात, म्हणून सफाई वरच्या अंगापासून सुरू करावी लागते. शिवाय काऊबर्ड हा परभृत पक्षी व्हिरिओच्या घरट्यात अंडी घालतो, त्याला सापळे लावून आवरावे लागते. एवढे केले की पक्षी परततात. कॅलिफोर्नियातील सॅन वाकिन नदीकाठच्या अभयारण्यात नव्याने लावलेल्या रानात २००५मध्ये व्हिरिओचे घरटे सापडले. ही नदी ज्या खोऱ्यातून वाहते, त्या सेंट्रल व्हॅलीत साठाहून अधिक वर्षांत ते घडले नव्हते. ती लागवड बँकेची नव्हती, पण बँकांनाही नेमके असेच रान उभे करायचे असते.

तरीही एक ओढा दुसऱ्याच्या बदल्यात देता येतो, हे गृहीतक तपासूनच घ्यायला हवे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१च्या अहवालाने भरपाईच्या एकूण कामावर बोट ठेवले होते : पाणथळींचे कार्य घटू न देण्याचे उद्दिष्ट साधले जात नव्हते. म्हणून जमिनीवर कायमचा संवर्धन हक्क (ती पुढे दुसऱ्या कामाला वापरता येऊ नये असे कायदेशीर बंधन) नोंदवणे आणि देखभालीसाठी स्वतंत्र निधी ठेवणे यांना मोठे महत्त्व आहे.

२०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट खटल्यात स्वच्छ जल कायद्याची कक्षा आवळली. नद्या-तळ्यांशी पृष्ठभागावरून सलग न जोडलेल्या पाणथळी तिच्याबाहेर गेल्या. जिथे राज्याचा स्वतःचा कायदा नाही, तिथे अशा जागी भराव टाकताना क्रेडिट घ्यायचे बंधनही उरलेले नाही.